काडतुसावरचं कुंकू

मेहरूणमध्ये राहणाऱ्या, एका शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दसऱ्याच्या सकाळी, जळगावच्या बाहेरच्या एका खासगी शूटिंग रेंजवर, शस्त्रपूजनाची आरती संपून आपट्याची पानं वाटायला सुरुवात झाली तेव्हा त्यांना गोळी लागली. त्या अजून शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या आणि इकडे त्या गोळीशी काडीचाही संबंध नसलेल्या एका माणसाला आरोपी म्हणून आमच्यासमोर उभं करण्यात आलं होतं. अन्याय झाला तो या दोघांवर. नावं देत नाही, दोघांनीही नको म्हटलं. पण आधी त्यांच्याबद्दल लिहिते, कारण त्या प्रकरणात त्यांचा नंबर कायम शेवटी लागला. ती सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

मी तेव्हा त्या हद्दीच्या ठाण्यात फौजदार होते. चौतिसाव्या वर्षी मी निवृत्त आहे हे ऐकून लोक हसतात. बंदोबस्ताला जाताना जीप उलटली, मणका गेला, खात्याने रुग्णता निवृत्ती दिली. माझ्याबद्दल एवढं पुरे. आता धुळ्यात राहते आणि बंदुकीच्या सुरक्षिततेची पत्रकं वाटते. लोक ती घेतात आणि त्यांना भज्यांचे हात पुसतात.

दसऱ्याला शस्त्रपूजन ठाण्यातही असतं. आमच्याकडे रायफली बाहेर काढताना हवालदार प्रत्येकीचा बोल्ट मागे ओढून आत बोट घालून बघतो, दुसरा अंमलदार पुन्हा बघतो, आणि बोल्ट उघडा ठेवूनच रायफल पाटावर जाते. मग हळद, कुंकू, झेंडू. त्या दिवशी हे सगळं उरकून आम्ही पेढे खात होतो तेवढ्यात सरकारी दवाखान्यातून फोन आला. पलीकडे अपघात विभागातले डॉक्टर.

"मॅडम, फटाक्याने जखमी म्हणून एक बाई आणल्या आहेत. सोबतचे लोक सांगतात, पायाखाली सुतळी बॉम्ब फुटला."

"बरं, मग?"

"सुतळी बॉम्बमध्ये शिशाचे छर्रे कधीपासून घालायला लागले?"

आमची खबर ती. ज्यांच्या दारात गोळी सुटली त्यांच्यापैकी एकानेही पोलिसांना फोन केला नव्हता.

दवाखान्यात रेंजचे दोन सभासद भेटले. कपाळावर ताजे टिळे, हातात मोबाइल. दोघांनी मला फटाक्याची गोष्ट सांगितली आणि दोघांनी ती त्याच शब्दांत सांगितली. नोकरीत एक गोष्ट फार लवकर कळली. माणसं खरं सांगत असतात तेव्हा एकमेकांना अडवतात. "नाही रे, आधी तू उठलास, मग आवाज आला," असं होतं. जिथे कुणीच कुणाला अडवत नाही, तिथे गाडीत बसून तालीम झालेली असते. मी त्यांना म्हटलं, "फटाका कुठल्या दुकानातला?" एक म्हणाला, "क्लबनं आणला होता." दुसरा म्हणाला, "पोरींनी आणला." संपली गोष्ट.

पोरी म्हणजे बाईंच्या शाळेतल्या. बाई त्यांना सुट्टीच्या दिवशी छर्ऱ्याच्या रायफलीच्या सरावाला घेऊन यायच्या. रेंज सगळ्यांना खुली होती, फी भरली की कुणीही एअर रायफल चालवावी. सभासदांच्या परवान्याच्या बंदुका मात्र वेगळ्या असायच्या. यातले बरेच सभासद रावेर-यावल पट्ट्यातले बागायतदार, पीक संरक्षणासाठी छर्ऱ्याची काडतुसं उडवणाऱ्या बारा बोअर बंदुका बाळगणारे. दसऱ्याला ते सगळे आपापली बंदूक घेऊन रेंजच्या हॉलमध्ये एकत्र पूजेला यायचे. हॉलचं दार थेट सराव चालतो त्या बाजूला उघडतं. आरती झाल्यावर पोरींना प्रसादाला आत बोलावलं. बाई दारात उभ्या राहून एकेकीला रांगेत आत सोडत होत्या. त्यामुळे छर्रे त्यांना लागले, पोरींना नाही.

आम्ही रेंजवर पोहोचलो तर हॉलची फरशी पुसून झालेली. फिनेलचा वास. बंदुका कपाटात, कपाटाला कुलूप. क्लबचे अध्यक्ष, शहरातले मोठे कंत्राटदार, हातात आपट्याची पानं घेऊन पुढे आले.

"या मॅडम, सोनं घ्या. सणासुदीला तुम्हाला त्रास झाला."

"रक्त कोणी पुसलं?"

"अहो, पूजेची जागा आहे. तसंच कसं ठेवणार?"

"कपाट उघडा."

त्यांनी सोनं टेबलावर ठेवलं आणि चावी काढली. फटाक्याची गोष्ट त्यांनी तिथेच, काही न म्हणता, सोडून दिली. नवी गोष्ट तयार होती. एका सभासदाची दुनळी बंदूक त्यांनी फोटोसाठी हातात घेतली, सगळे एकमेकांना सोनं देत होते, गर्दी होती, ती सुटली. "रिकामी आहे असं मला सांगितलेलं मॅडम. नळी खालीच होती. मी काय ज्योतिषी आहे? रिकामी आहे म्हणून सांगणारा बसलाय बाहेर, त्याला विचारा." मागून एक सभासद म्हणाला, "त्या पांढऱ्या कपड्यांतल्या साहेबांना आज सुट्टी पाहिजे होती ना. लक्ष कुठं लागणार कामात!" दोघे-तिघे हसले. एका बाईचा पाय गेलेला होता आणि ही माणसं हसली. मी हे विसरत नाही.

बाहेर पायरीवर रेंजचे इन्चार्ज बसले होते. राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले हवालदार, मूळचे भडगावकडचे. अंगात पांढरा शुभ्र शर्ट, पांढरी पँट. बौद्ध माणूस. त्यांच्यासाठी हा दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. त्यांनी सुट्टी मागितली होती, ती मिळाली नाही, म्हणून पहाटे वंदना करून त्याच कपड्यांत कामाला आले होते. मी शेजारी बसले.

"हवालदार, पूजेआधी बंदुका रिकाम्या कोणी केल्या?"

"मीच."

"सगळ्या?"

"बठ्ठ्या. एकेक उघाडीसन दखेल व्हती." मग मी परकी आहे असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं, "प्रत्येक उघडून बघितली मॅडम. दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला."

"मग ही भरली कशी?"

त्यांनी पायरीवरून हॉलच्या दाराकडे पाहिलं. नंतर म्हणाले, "मी उठून गेलो ना. पूजा सुरू झाली की मी बाहेर थांबतो. मी पूजेला बसत नाही, त्यांना माहीत आहे, दरवर्षी असंच. पण उठलो ते उठलोच. अध्यक्ष म्हणतात, मान्य कर, क्लब वकील देईल, दोन-चार वर्षांत मिटेल."

"तुम्ही मान्य करणार?"

"माझ्या बोलण्यानं काय फरक पडतो? आत इतके लोक आहेत. बठ्ठे एकच सांगतात."

मला राग आला. त्यांचाही आला. आयुष्यभर शस्त्र सांभाळलेला माणूस, आणि एका सकाळीत त्याने आपल्या हातांवरचा विश्वास सोडून दिला, का तर समोरच्यांची संख्या जास्त होती. संध्याकाळी आमचे ठाणे प्रमुखही तेच म्हणाले. "इन्चार्ज आहे, त्याची जबाबदारी आहे, निष्काळजीपणाचं लावा आणि मोकळ्या व्हा. सणाच्या दिवशी किती खणणार?" ते वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. खात्यात थकवा हाच सगळ्यात मोठा साक्षीदार असतो. तो कुणाच्याही बाजूने साक्ष देतो, फक्त खरं शोधायला उठत नाही.

पण पंचनामा माझ्या हातात होता. पंचांसमोर ती दुनळी उघडली. डावी नळी रिकामी. उजवीत उडालेलं काडतूस. अंमलदाराने ते काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं. काडतुसाचं बूड पितळी असतं, मध्ये एक छोटी टोपी असते, बंदुकीची पिन तिच्यावर आदळते आणि बार उडतो. त्या पितळेवर लाल-पिवळा डाग होता. हळद आणि कुंकू.

पूजेतल्या सगळ्याच बंदुकांवर हळद-कुंकू होतं. पण नळीवर, दस्त्यावर, बाहेरून. बंदूक बंद असताना आतल्या काडतुसाच्या बुडाला कुंकू लागायला वाटच नाही. म्हणजे काडतूस आत जाण्याआधी कुंकवाच्या बोटांत होतं. इतकं साधं. आणि हवालदारांनी बंदुका तपासल्या तेव्हा पूजा सुरूही झालेली नव्हती, कुंकवाचा करंडा उघडलेलाही नव्हता.

एक अडचण होती, आणि ती आमचीच होती. काडतूस काढणारा अंमलदार सकाळी आमच्या ठाण्यातली पूजा करून आला होता. त्याच्या बोटाच्या पेरावर कुंकू होतंच. अध्यक्षांच्या वकिलाने पहिल्या दिवशी हाच मुद्दा काढला: तुमच्याच माणसाचं कुंकू. मी भिंग मागवलं. पिनेचा ठोका जिथे बसतो तिथे टोपीला खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशी कुंकू दाबून चपटं झालेलं होतं, पितळेत रुतल्यासारखं. नंतर बोट लागून पडलेली भुकटी वर बसते, फुंकर मारली की उडते. हे उडत नव्हतं. ठोका बसला तेव्हा कुंकू तिथे आधीच होतं. पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं, पण मला तेव्हाच कळलं होतं.

हवालदारांचे हात मी पंचांना दाखवले होते. बोटांवर बंदुकीच्या तेलाचा काळपटपणा, बाकी काही नाही. पांढऱ्या शर्टावर एक ठिपका नाही. ज्या कपड्यांवरून त्यांची टिंगल झाली, त्या कपड्यांचाही पंचनामा झाला.

मग राहिले पूजेला बसलेले. त्यातल्या प्रत्येकाच्या बोटाला कुंकू. मी एकेकाचा जबाब घेतला. कोणी काही पाहिलं नाही. हॉल एवढासा, टेबल मध्ये, डझनभर माणसं टेबलाभोवती, आणि कोणी काही पाहिलं नाही. "आमचे डोळे मिटलेले होते, मॅडम, आरती चालू होती," असं एक गृहस्थ म्हणाले. मी विचारलं, "मग टाळ्या कोण वाजवत होतं?"

बंदुकीचे मालक राहिले होते. सावद्याकडचे केळीचे बागायतदार, गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. वय साठीच्या पुढे. अशा वयाच्या माणसाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, त्याच्या घरी जावं लागतं, असा कायदा आहे. पुष्कळ अधिकारी या कायद्याला वैतागतात. मी वैतागले नव्हते. माणूस ठाण्यात आला की अंग चोरून बसतो. घरी तो यजमान असतो.

अंगणात केळीच्या गाड्या भरणं चालू होतं. नाना ओट्यावर बसले होते, चेहरा उतरलेला. मी गुन्ह्याचा विषय काढलाच नाही. गुन्ह्याबद्दल विचारलं की माणूस खोटं बोलतो. रीतिभातीबद्दल चुकीचं बोललं की त्याला राहवत नाही, तो आपल्याला सुधारतो. चहा घेऊन त्यांची थोरली बहीण बाहेर आली. घरातले तिला अक्का म्हणत होते. मी तिलाच विचारलं.

"अक्का, दसऱ्याची पूजा घरी कोण मांडतं?"

"मी मांडते. बाप होता तवापासून."

"मग बंदूक नीट रिकामी करूनच पाटावर ठेवत असाल."

अक्का हसली. "रिकामी? रिकामी काहाले ठेवशीन वं माय? कलश रिकामा मांडता का तुम्ही? सुपात दाणा नसला तं सूप पुजता? तुमच्याकडे वटी बी रिकामीच भरता वाटते!"

"अक्का, तू आत जाय," नाना म्हणाले.

"काहाले जाऊ? पोरीले माहीत नाही ते सांगू राहिली ना मी." ती माझ्याकडे वळली. "काडतुसाले बी हळद-कुंकू लावाचं. मंग ते आत घालाचं. भरल्या बंदुकीलेच ओवाळाचं. आरती झाली का हा काढून घेतो, मंग बंदूक क्लबात घेऊन जातो. बापानं सांगेल होतं. इतके वर्षं झाले, कधी काही झालं नाही."

अंगणात गाडीवाला घड मोजत होता. अक्काने भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली चहाची थाळी खाली गेली. ती फक्त म्हणाली, "तथी बी भरली होती का रे?"

नानांनी चेहरा झाकून घेतला.

ते जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण माझ्या शब्दांत त्याची लाज निघून जाईल. "हवालदारानं रिकामी केली ते मले माहीत होतं. तो बाहेर गेला. मले बरं वाटेना. सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या, पूजा रिकाम्याची. बापाचा चेहरा समोर आला. खिशात एक काडतूस ठेवेल होतं, घरून निघतानाच. त्याले कुंकू लावलं आन् गुपचूप घातलं. आरती झाली का काढणार होतो. तं लोक पाया पडाले आले. सोनं घ्या नाना, सोनं घ्या नाना. मान वर केली तं अध्यक्षांच्या हातात बंदूक."

"तुम्हाला दिसली होती?"

"दिसली."

"मग ओरडला का नाहीत?"

"तोंड उघडलं होतं मॅडम. पण सांगू काय? एवढ्या लोकांत, भरली आहे म्हणून सांगू? मीच भरली म्हणून? शब्दच निघाला नाही."

"आणि त्यानंतर? हवालदारांचं नाव घेतलं तेव्हा?"

"सगळे म्हणाले, त्यानंच राहू दिलं. मंग मले बी तसंच वाटाले लागलं."

मी हे वाक्य ठाण्यात कितीदा तरी ऐकलं आहे, वेगवेगळ्या गुन्ह्यांत, वेगवेगळ्या तोंडून. सगळे म्हणाले. मग मलाही वाटलं. पण नानांनी पुढे एक गोष्ट केली जी माझ्या नोकरीत फार थोड्यांनी केली. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचार केला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर येऊन तेच सांगितलं. अक्कानेही सांगितलं. तिचा जबाब घ्यायला मी पुन्हा सावद्याला गेले. तिने मला पाणी दिलं, चहा विचारला नाही.

दवाखान्यात मी बाईंना सगळं सांगायला गेले. पाय नसलेल्या बाजूला चादर सपाट पडलेली होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. पहिला प्रश्न: "म्हणजे हवालदारांना सोडलं ना? माझ्या पोरी रोज विचारतात. गोळी सुटली तेव्हा त्यांनीच सगळ्यांना खाली बसवलं होतं."

"त्यांच्यावर काही नाही आता."

"आणि अध्यक्ष काय म्हणतात?"

"रिकामी आहे या विश्वासावर उचलली, म्हणतात."

बाई हसल्या, आणि ते हसू मला सहन झालं नाही. "मॅडम, माझ्याकडे सातवीतल्या पोरी आहेत. छर्ऱ्याची रायफल आहे ती, कबूतरसुद्धा धड मरत नाही तिने. तरी हातात घेतली की पहिलं उघडून बघायची, नळी माणसाकडे करायची नाही, बोट घोड्याबाहेर. एकीनं चुकवलं तर मी पूर्ण सराव बंद करते. माझ्या सातवीतल्या पोरींना जे येतं ते त्या क्लबच्या अध्यक्षांना येत नाही?"

मी तो प्रश्न जसाच्या तसा त्यांच्या जबाबात लिहून घेतला.

दोषारोपपत्र नाना आणि अध्यक्ष अशा दोघांवर गेलं. अध्यक्ष माझ्यावर भयंकर चिडले. नानांची चूक असताना मी त्यांना गोवलं, असं ते गावभर सांगत राहिले. "मी काय केलं? फोटो काढला!" हो, फोटो काढला. दुसऱ्याची बंदूक उचलली, उघडून पाहिली नाही, नळी माणसांच्या दाराकडे केली, बोट घोड्यावर ठेवलं आणि फोटो काढला. नानांनी बंदूक भरली हे खरं. पण भरलेली बंदूक आपोआप उडत नाही. टेबलावर पडून राहिली असती तर ती तशीच घरी गेली असती.

मी त्या सकाळचा पुष्कळ विचार केला आहे. एकाच बंदुकीबद्दल एका माणसाला पक्कं माहीत होतं की ती भरलेली आहे आणि बाकीच्यांना पक्कं माहीत होतं की रिकामी आहे. खात्री सगळ्यांकडे होती. बघितलं कोणी नाही. दुनळी उघडायला अंगठ्याने एक खटका सरकवावा लागतो. लहान मूलही करेल. मग का केलं नाही? कारण पुजलेली वस्तू, हळद-कुंकू वाहिलेली, हार घातलेली, ती उघडून बघायची म्हणजे अपमान वाटतो. आणि दुसऱ्याची बंदूक त्याच्यासमोर उघडून बघायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास. नानांसारख्या वडीलधाऱ्यावर! आपल्याकडे माणसं मरतात, पण कोणाचा अपमान होता कामा नये. नानांनीही याच अपमानाच्या भीतीने तोंड मिटून घेतलं. त्या हॉलमध्ये सगळेच एकमेकांचा मान राखत होते, आणि दारात उभी असलेली बाई खाली कोसळली.

या प्रकरणाने मला हे शिकवलं, आणि मला ते शिकायचं नव्हतं. निष्काळजी माणूस म्हणजे बेफिकीर, दारू प्यायलेला, दंगा करणारा, असं मला वाटायचं. त्या हॉलमध्ये एकही तसा नव्हता. सगळे आंघोळ करून आले होते. श्रद्धेने आले होते.

खटला चालू आहे. तारखा पडतात. नानांच्या वकिलाने आता म्हणणं मांडलं आहे की ती कबुली दबावाखाली होती. नाना वकिलाच्या शेजारी बसतात आणि वर बघत नाहीत. अक्काने मात्र आपलं बोलणं बदललेलं नाही. भाऊबीजेला तिने भावाला ओवाळलं नाही, असं तिकडचे लोक सांगतात. रेंज काही महिने बंद होती, मग सुरू झाली. दारावर नवी पाटी आहे, शस्त्र जपून हाताळा. अध्यक्ष तेच आहेत. हवालदारांना परत बोलावलं नाही. "वाद झाले त्यांच्यावरून," असं कारण दिलं. वाद त्यांच्यावरून झाले! ते आता एका शीतगृहावर रखवाली करतात. बाई कृत्रिम पायावर शाळेत जातात. शाळेने त्यांना वाचनालयात बसवलं आहे, आणि पोरींचा रायफलीचा सराव बंद झाला.

मी पत्रकं वाटायला लागले तेव्हा लोक म्हणाले, ताई, श्रद्धेत ढवळाढवळ नको. मी कशाला करू? पूजा करा. हार घाला, ओवाळा, पेढे वाटा. राज्यातल्या ठाण्यांमध्ये रायफली रिकाम्या करून, बोल्ट उघडे ठेवून पुजल्या जातात, त्याने कुणाचं वाईट झाल्याचं मी ऐकलेलं नाही. रिकामं पुजू नये असं फारच वाटत असेल तर बंदुकीशेजारी वाटीभर गहू ठेवा. काडतूस कुलपात राहू द्या, बंदुकीपासून दूर, दुसऱ्या खोलीत.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी काहींच्या घरी परवान्याची बंदूक आहे. काहींची मुलं सुट्टीत रेंजवर जातात. काहीजण लग्नात, वाढदिवसाला, निवडणुकीच्या निकालाला अशा हॉलमध्ये उभे असतात जिथे कोणीतरी हौसेने बंदूक उचलतं. मला तुमची सहानुभूती नको आहे, त्या बाईंनाही नको आहे. एक काम करा. यापुढे तुमच्यासमोर कोणीही बंदूक हातात घेतली, मग तो तुमचा सासरा असो, साहेब असो, आमदार असो, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणा, "आधी उघडून दाखवा." तो रागावेल. रागावू द्या. हसेल, हसू द्या. आणि त्याने उघडून दाखवली नाही, तर पोरांचे हात धरून तिथून बाहेर पडा आणि रस्त्यावर येताच पोलिसांना फोन लावा.